सत्तर रुपयांचं आज काय येतं? महागाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. वर्गातली निम्मी मुलं कांदा पिकवणाऱ्या घरांतली, उरलेली नोकरदारांची, दुकानदारांची, रोजंदारीवर जाणाऱ्यांची. महागाईचा धडा आला की दोन्हीकडून प्रश्न येतात. पालकसभेत आणि स्टाफरूममध्येही फिरून तेच प्रश्न भेटतात. इथे ते एकत्र केले आहेत.

वस्तू महागली म्हणजे महागाई झाली, असंच ना?

तसं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू चढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच झेंडूला कोणी विचारत नाही. हा भावाचा चढउतार झाला. महागाईत तेल, दूध, रिक्षा, घरभाडं, शाळेची फी, दाढी-कटिंग असं जवळजवळ सगळंच वर जातं आणि सहसा परत खाली येत नाही. अशा वेळी वस्तू महाग झाली म्हणण्यापेक्षा रुपया हलका झाला म्हणणं जास्त बरोबर.

पुस्तकांत भाववाढ आणि चलनवाढ असे दोन्ही शब्द येतात. 'चलनवाढ' ऐकलं की मुलांना वाटतं, नोटा जास्त छापल्या एवढंच कारण. म्हणून मी वर्गात 'भाववाढ' वापरते आणि बोलताना 'महागाई'. शब्दातच कारण दडलेलं असलं की मुलं बाकीची कारणं शोधायची थांबतात.

मुलांना हा विषय कुठून सुरू करून द्यावा?

मी 'अशी ही बनवाबनवी'तल्या सत्तर रुपयांपासून सुरू करते. चित्रपट १९८८ चा, पण आजच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही धनंजय माने, घरमालक सरपोतदार आणि त्यांनी औषधासाठी मानेंना दिलेले, परत न आलेले ते सत्तर रुपये तोंडपाठ असतात. मी फळ्यावर ७० लिहिते आणि विचारते, हे पैसे आज परत करायचे ठरले तर किती द्यावे लागतील?

कोणी म्हणतं सत्तरच. कोणी व्याज लावतं. मग मी ७२ चा नियम सांगते: ७२ ला महागाईच्या दराने भागलं की भाव दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं. दर ७ टक्के धरला तर दहा वर्षं. फळ्यावर मुलंच लिहितात: १९८८ ला ७०, १९९८ ला १४०, २००८ ला २८०, २०१८ ला ५६०. या काळातली आपल्याकडची सरासरी सातच्या किंचित खाली आहे, त्यामुळे आजचा आकडा सातशे-आठशेच्या घरात येतो. वर्ग क्षणभर शांत होतो. सरपोतदारांचं एवढं का बिनसलं होतं, ते आत्ता कुठे त्यांच्या लक्षात येतं.

घरचा अभ्यास एकच देते. आजीला किंवा आजोबांना आठवणारा एखादा भाव विचारून या, आणि तो कोणत्या प्रसंगामुळे आठवतो तेही विचारा. वर्षं ते विसरतात, पण थोरल्याच्या बारशाला पेढे काय भावाने आणले किंवा लग्नात सोनं कितीला घेतलं, हे लख्ख आठवतं. मुलं परत येतात ती भाव आणि गोष्ट, दोन्ही घेऊन.

नाशिकरोडला नोटा छापतात, मग जास्त छापून गरिबांना का वाटत नाहीत?

आमच्या भागातल्या मुलांचा हा हक्काचा प्रश्न आहे. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नाशिकरोडला आहे आणि कुणाचे ना कुणाचे काका-आजोबा तिथे कामाला असतात. या प्रश्नावर हसू नये. उत्तर सांगूही नये, करून दाखवावं.

मी चिंचोके नेते. चार गट, प्रत्येकाला वीस चिंचोके, आणि टेबलावर चार शेंगदाणा चिक्क्या. लिलाव सुरू. बाजार समितीत वडिलांबरोबर उभी राहिलेली मुलं असतात, बोली कशी चढते हे त्यांना शिकवावं लागत नाही. मागच्या वर्षी पहिल्या फेरीत एक चिक्की सोळा चिंचोक्यांना गेली होती. दुसऱ्या फेरीत मी प्रत्येक गटाचे चिंचोके दुप्पट केले. केवढा आरडाओरडा! सगळ्यांना वाटलं आपण श्रीमंत झालो. तशीच चिक्की एकतीसला गेली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, चिंचोके वाढले, चिक्की तेवढीच आहे." त्यानंतर झिम्बाब्वेच्या २००९ च्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या नोटेचं चित्र दाखवलं. एकावर चौदा शून्यं. ती शून्यं मुलांनी बोट ठेवून मोजली.

इथे थांबू नका. तिसऱ्या फेरीत जादा चिंचोके एकाच गटाला द्या. तो गट चिक्क्या उचलून नेतो आणि बाकीच्यांचे चिंचोके हातात असूनही हलके होतात. नवा पैसा आधी कोणाच्या हातात पडतो, यावर किती अवलंबून असतं हे मुलं त्या पाच मिनिटांत शिकतात. चौथ्या फेरीत चिंचोके पहिल्याइतकेच ठेवा आणि चिक्क्या निम्म्या करा. भाव पुन्हा चढतो, तोही एकही चिंचोका न वाढता.

२०२२ मध्ये खाद्यतेलाचं असंच झालं. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल अडलं, त्यात एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. इथे चिवड्याच्या दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळ्यांना त्याची झळ लागली. त्या एप्रिलमध्ये देशातली किरकोळ महागाई, म्हणजे ग्राहकाला दुकानात लागणारी, ७.७९ टक्के होती. टेबलावरच्या चिक्क्याच कमी झाल्या होत्या.

बातम्यांत सांगतात महागाई कमी झाली. मग माझं किराण्याचं बिल का उतरत नाही?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचं काहीच चुकत नाही. बऱ्याच घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. मागच्या वर्षी पोरगं चार बोटं वाढलं, या वर्षी एकच बोट. वाढीचा वेग कमी झाला, म्हणून पोरगं बुटकं झालं का? महागाईचा दर म्हणजे दोन खुणांमधलं अंतर. भाव म्हणजे जमिनीपासूनची उंची.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच दर ०.२५ टक्क्यावर आला. त्या महिन्यात खाण्याच्या वस्तू आदल्या ऑक्टोबरपेक्षा खरोखरच स्वस्त होत्या, पण आदला ऑक्टोबरही महागडाच होता. आकडा नेहमी बारा महिन्यांपूर्वीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिलेला असतो. आपण मात्र ताडून पाहतो आपल्या आठवणीशी, आणि आठवणीतला तेलाचा डबा पाच-सात वर्षांपूर्वीचा असतो.

हा आकडा काढतात कसा? आणि तो माझ्या घराला का लागू पडत नाही?

देशातल्या ठरलेल्या गावांच्या आणि शहरांच्या बाजारांतून दर महिन्याला भाव गोळा केले जातात. त्यातून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, आणि तो वर्षभरात किती टक्के चढला तो महागाईचा दर. सगळ्या वस्तूंना सारखं वजन नसतं. २०१२ हे आधारवर्ष (ज्याच्या भावांशी तुलना करतात ते वर्ष) असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ होता. त्यात धान्यं ९.६७, दूध आणि दुधाचे पदार्थ ६.६१, भाज्या ६.०४. घराचा भार १०.०७, इंधन आणि दिवाबत्तीचा ६.८४. बाकीच्या वस्तू-सेवा धरून सगळ्या भारांची बेरीज शंभर. ही टोपली देशाची सरासरी टोपली आहे, आणि तंतोतंत सरासरी जगणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून मुलांनी आपापल्या घराची टोपली भरायची. महिन्याच्या खर्चाचे शंभर चिंचोके समजा आणि ते किराणा, भाजी-दूध, भाडं किंवा हप्ता, प्रवास, शिक्षण, औषधं, मोबाइल यांत वाटा. मग प्रत्येक ढिगाचा भाव वर्षात किती वाढला ते घाला. एका मुलीच्या घरी आजीच्या औषधांचे बावीस चिंचोके निघाले. तिच्या घरची महागाई औषधांच्या भावावर चालते, भाज्या उतरल्या तरी तिच्या आईला हायसं वाटत नाही. दुसऱ्या एका घरात क्लासच्या फीचा ढीग किराण्याच्या बरोबरीचा होता.

शिक्षकांना एक विनंती. या अभ्यासात रुपयांचे आकडे मागू नका, फक्त चिंचोके मागा. कुणाच्या घरात किती येतं हे वर्गासमोर उघडं पडता कामा नये. मी सुरुवातीला एकदा रुपये मागितले होते. एक मुलगा त्या आठवड्यात वर्गात आला नाही. ते मला अजून टोचतं.

एवढं झाल्यावर बारावीतला निर्देशांकाचा पाठ घ्या. निर्देशांक काढायच्या लास्पेअरच्या सूत्रात आधारवर्षाची परिमाणं (वस्तू किती घेतल्या ते आकडे) का धरतात, हे मुलं आपणहून सांगतात: टोपली तीच ठेवली तरच भाव किती बदलला ते कळेल.

कांदा महागला की देशभर बातमी होते. कांदा पडला की का नाही?

हा प्रश्न मला वर्गात एका मुलीने विचारला. धडा चालू होता, मी फळ्यावर 'कांदा महागला' असं लिहिलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही महागला म्हणता. आमच्याकडे भाव मिळाला म्हणतात."

तेव्हापासून मी फळ्याचे दोन भाग करते आणि एकाच दिवसाचा कांदा दोन्हीकडे लिहिते. डावीकडे लिलावातला क्विंटलचा भाव, उजवीकडे शहरातला किलोचा. मध्ये काय काय येतं ते मुलं सांगतात: हमाली, तोलाई, निवडाई, गोणी, ट्रकचं भाडं, वाटेतली घट, व्यापाऱ्याचा आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरीत, ठेवून पुढच्या दिवाळीच्या सुमारापर्यंत पुरवावा लागतो. चाळीतही तो गप्प बसत नाही. वजन घटतं, कोंब फुटतात, एक सडला की शेजारचे धरतो. लाल कांदा तर साठतच नाही, निघाला की विकावाच लागतो. चाळीतला संपत आला आणि पावसाने लाल कांद्याला मार दिला की शहरात भडका उडतो. ज्याचा माल मे मध्येच मातीमोल गेला, त्याच्या हातात तेव्हा विकायला काही उरलेलं नसतं.

त्यात धोरण येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्याच्या (त्यापेक्षा स्वस्त बाहेर विकता येत नाही) आणि शुल्काच्या अटींवर उघडली. शहरातल्या गृहिणीला दिलासा द्यायचा होता, तो खोटा म्हणता येत नाही. पण त्याची किंमत लासलगाव, पिंपळगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने मोजली. ग्राहक किंमत निर्देशांकात ग्राहकाने मोजलेला भाव धरतात, त्याच्या नावातच ग्राहक आहे. शेतकऱ्याचा तोटा त्या आकड्यात दिसत नाही. महागाई शिकवताना हे सांगितलं नाही तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना त्यांच्याच घराबद्दल चुकीचं शिकवल्यासारखं होईल.

सिनेमातली गाणी वर्गात चालतात का?

फार चालतात, फक्त गाण्याबरोबर वर्ष घ्या. 'रोटी कपडा और मकान' १९७४ चा. त्यातल्या महागाईवरच्या कव्वालीत रेशनची रांग येते. आजच्या मुलांना ती रांग माहीत नाही, तिथून बोलायला सुरुवात होते. १९७२ चा दुष्काळ, १९७३ च्या अखेरीस कच्च्या तेलाचा जागतिक भडका, आणि १९७४ मध्ये आपल्याकडची महागाई २५ टक्क्यांच्या वर. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. रॉकेल, तेल, साखर, धान्य, सगळ्याची टंचाई होती. लाटणं मोर्चा हा शब्द मराठीत तेव्हापासून आहे. २५ टक्क्यांनी तीन वर्षांत भाव जवळजवळ दुप्पट होतात, हे मुलांना ७२ च्या नियमाने काढू द्या. मग त्या लाटण्यांचा आवाज त्यांना कळतो.

'पीपली लाइव्ह' २०१० चा. त्यातल्या गाण्यात पेट्रोल, डिझेल, साखर येतात. त्या वर्षीच्या जानेवारीत औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक वर्षभरात १६ टक्क्यांनी चढला होता. दोन गाण्यांतल्या वस्तूंची यादी करा आणि तिसरी यादी मुलांना आजची करू द्या. आमच्या वर्गाने तिच्यात मोबाइलचा रिचार्ज पहिला घातला.

'करोडपती'तला एक कोटी आता पूर्वीएवढा राहिला नाही का?

नाही. २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हा सर्वांत मोठं बक्षीस एक कोटी होतं आणि ते पहिल्यांदा जिंकले मुंबईचे हर्षवर्धन नवाथे. दरवर्षी ६ टक्के महागाई धरली तर २५ वर्षांनी तेवढीच खरेदी करायला सुमारे ४ कोटी २९ लाख लागतात. कार्यक्रमाने बक्षीस २००५ मध्ये दोन कोटी आणि २०१३ मध्ये सात कोटी केलं, हे त्यामुळे नवल नाही. त्याआधी आपल्याकडे श्रीमंताला लक्षाधीश म्हणत. आज लाखाची दुचाकी येते आणि ती घेणाऱ्याला कोणी लक्षाधीश म्हणत नाही.

जुन्या म्हणींचा काही उपयोग होतो का?

भाषा म्हणजे जुन्या भावांचं संग्रहालयच आहे. सोळा आणे खरं, पै पै जोडणे, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. रुपयाचे एवढे बारीक तुकडे करावे लागत, कारण प्रत्येक तुकड्याला काहीतरी येत होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि जून २०११ च्या अखेरीस चार आण्यांचं नाणं चलनातून कायमचं गेलं. म्हणीतली कोंबडी मात्र अजून चार आण्यालाच मिळते.

बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच आहे. मग त्याला महागाई लागली नाही का?

लागली, पुड्याच्या आत लागली. पाच रुपये हे सुटं नाणं आहे, दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला सोयीचं. म्हणून कंपनी भाव तोच ठेवते आणि ग्रॅम कमी करते. मुलांना रिकामी वेष्टनं जमवायला सांगा आणि निव्वळ वजन वाचायला लावा. बऱ्याच पाकिटांवर आता प्रति ग्रॅम दरही छापलेला असतो. दुकानात तो वाचायची सवय लागली तर ती मुलं आयुष्यभर चांगली खरेदी करतील.

टोमॅटो महागतो आणि माझ्या घराचा हप्ता का वाढतो?

२०१६ पासून कायद्याने रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या पट्ट्यात ठेवायची जबाबदारी आहे. सहा जणांची पतधोरण समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ठरवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला गेला. कर्ज महाग झालं की लोक घर, गाडी, कारखान्याचा विस्तार पुढे ढकलतात आणि मागणी थंडावते. चिंचोके आवरून धरण्याचाच हा प्रकार आहे. रेपो दराने टोमॅटो पिकत नाहीत, हे बँकेलाही माहीत असतं. भाजीचा भडका मजुरीत, भाड्यात, हॉटेलच्या थाळीत मुरू नये म्हणून ती सावध राहते. थाळीचा भाव एकदा चढला की टोमॅटो उतरला तरी उतरत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं?

ज्याची मिळकत भावाबरोबर हलत नाही तो. सरकारी नोकराला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा आढावा मिळतो. ईपीएस-९५ च्या, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या, निवृत्तिवेतनाची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये ठरली. दरवर्षी ५ टक्के महागाई धरली तर दहा वर्षांत त्या हजाराची ताकद ६१४ रुपयांवर येते. आयुष्यभर कारखान्यात उभं राहिलेल्या माणसाच्या हातात पडणारी ही रक्कम आहे. वर्गात हे गणित मी दरवर्षी सोडवते, आणि दरवर्षी एखादा तरी हात वर होतो: "माझ्या आजोबांना तेवढंच मिळतं."

पैसे डब्यात साठवणारी बाईही अशीच भरडली जाते. मुदत ठेवीचं व्याज महागाईपेक्षा कमी असेल तर तिथेही रक्कम वाढताना दिसते आणि खरेदी आटते.

मग महागाई शून्यच का करत नाहीत?

भाव सतत उतरायला लागले की लोक खरेदी लांबवतात, धंदा मंदावतो, कामं जातात. कर्ज मात्र तेवढंच राहतं. म्हणून थोडी, अंदाज बांधता येईल एवढी वाढ सोसायची असं बहुतेक देशांनी ठरवलं आहे.

एकच तास मिळाला तर काय घेऊ?

चिंचोक्यांचा लिलाव. चिंचोके धुऊन, वाळवून, गटागटाच्या पुड्या आधीच बांधून न्या, वर्गात मोजत बसलात तर वीस मिनिटं जातात. दोन पुड्या जादा ठेवा. आणि चिक्की वर्गातल्या सगळ्यांना पुरेल एवढी पिशवीत असू द्या, लिलावात हरलेल्या मुलांनाही तास संपल्यावर मिळाली पाहिजे.